फीडबॅक नसलेली सिस्टीम : चिनी कम्युनिस्ट पक्षाची शंभर वर्षं

कंट्रोल सिस्टीम्स हा विषय कुठल्या ना कुठल्या सेमिस्टरला बहुतेक शाखांच्या वाट्याला येतोच. त्यातलं पहिलं प्रकरण फार सोपं असतं. गिझरचं उदाहरण घ्या. थर्मोस्टॅट पाण्याचं तापमान मोजतो, आपण ठरवलेल्या तापमानाशी ताडून पाहतो आणि कॉइल चालू किंवा बंद करतो. हाच फीडबॅक. थर्मोस्टॅट काढून टाकला तर कॉइल तापतच राहते. तिच्यात ताकद भरपूर असते, पण पाणी उकळलंय हे तिला सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. इतिहासाच्या पुस्तकाशी माझा संबंध दहावीनंतर तुटला. मागच्या सुट्टीत मात्र चीनविषयी मिळेल ते वाचायला घेतलं आणि वाचताना हा गिझर सारखा आठवत राहिला. म्हणून हा लेख. कम्युनिझम चांगला की वाईट हा वाद इथे घालायचा नाही, तो कॅन्टीनमध्ये रोज चालतोच. माझा प्रश्न साधा आहे. ज्या देशात १९४९ पासून एकच पक्ष सत्तेवर आहे, तिथे त्या पक्षाला आपली चूक कळते कशी? कळायला वेळ किती लागतो? आणि तोपर्यंतचं बिल कोण भरतं?

शांघायमधली तेरा माणसं

चीनमधली राजेशाही १९११ च्या क्रांतीने संपली, पण देश लष्करी सरदारांमध्ये वाटला गेला. परकीयांच्या वसाहती, कर्जबाजारी शेतकरी, जपानची दादागिरी अशा परिस्थितीत तरुण पिढी मार्ग शोधत होती. रशियातल्या १९१७ च्या क्रांतीने त्यांना एक मार्ग दाखवला. प्राध्यापक चेन दुशिऊ आणि ग्रंथपाल ली दाझाओ हे पक्षाचे खरे संस्थापक. पण जुलै १९२१ मध्ये शांघायच्या फ्रेंच वसाहतीतल्या एका घरात पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा दोघेही तिथे नव्हते. जमलेले चिनी प्रतिनिधी तेरा, आणि साऱ्या देशात पक्षाचे सदस्य पन्नासच्या आसपास! मध्येच पोलिसांची धाड पडली आणि शेवटची बैठक जियाशिंग गावच्या तलावात, एका नावेत उरकावी लागली. त्या तेरा जणांत हुनान प्रांताचा माओ त्से तुंग नावाचा २७ वर्षांचा शिक्षक होता.

पुढची अठ्ठावीस वर्षं पक्ष सतत मार खात शिकत होता. चियांग काई-शेकच्या राष्ट्रवादी पक्षाशी त्यांनी युती केली. त्याच चियांगने एप्रिल १९२७ मध्ये शांघायात कम्युनिस्टांची कत्तल केली. मग कम्युनिस्ट खेड्यांकडे वळले. जियांगशी प्रांतातला त्यांचा तळही वेढला गेला, तेव्हा ऑक्टोबर १९३४ मध्ये 'लाँग मार्च' सुरू झाला. मुख्य तुकडीत निघाले सुमारे ८६ हजार. वर्षभराने शेन्शी प्रांतात पोचले ते आठ हजारांच्या आसपास.

याच वाटेवर, जानेवारी १९३५ मध्ये, झुन्यी गावात नेत्यांची बैठक झाली. समोरासमोर लढण्याचे डावपेच फसले हे उघडपणे मान्य करून चालू वाटचालीतच नेतृत्व बदललं गेलं आणि माओ पुढे आला. ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. पक्ष तेव्हा दुबळा होता, म्हणून फीडबॅक जोरदार होता. निर्णय चुकला तर दुसऱ्याच दिवशी शत्रूची गोळी यायची. शेतकऱ्याला त्रास दिला तर तो धान्य लपवायचा. चुकीचं उत्तर इतकं झटपट मिळत असल्यावर कोण सुधारणार नाही?

आपल्या महाराष्ट्राचा धागा या कथेत इथेच येतो. जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस तिथेच राहिले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, १९४२ मध्ये पक्षाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. व्ही. शांतारामांचा त्यांच्यावरचा चित्रपट अनेकांच्या आजीआजोबांनी पाहिलेला असेल.

त्याच १९४२ मध्ये येनानच्या तळावर वांग शिवेई नावाच्या लेखकाने एक लेख लिहिला. समतेच्या गोष्टी करणाऱ्या पक्षात कपड्यांचे तीन वर्ग आणि जेवणाचे पाच दर्जे कसे, असा त्याचा सवाल होता. मेसचं जेवण हा विषय तिकडेही नाजूकच म्हणायचा! वांगला सभेत उभं करून झोडपलं, नंतर अटक झाली आणि १९४७ मध्ये त्याला मारण्यात आलं. पक्षाने त्याच्यावरचे आरोप १९९१ मध्ये मागे घेतले. थर्मोस्टॅटचा पहिला स्क्रू निघाला तो इथे.

पिवळ्या नदीवरचं धरण

१ ऑक्टोबर १९४९ रोजी माओने बीजिंगमध्ये लोकसत्ताक चीनची घोषणा केली. पहिल्या तेरा प्रतिनिधींपैकी त्या सज्जावर हजर होते फक्त दोन, माओ आणि दोंग बिवू. सुरुवातीची काही वर्षं खरोखर झपाट्याची होती. जमिनी वाटल्या गेल्या, साक्षरता मोहिमा निघाल्या, सोव्हिएत मदतीने मोठे कारखाने उभे राहिले. मात्र जमीनवाटपात लाखो जमीनदार मारले गेले हेही विसरता येत नाही.

आता आपल्या क्षेत्रातली गोष्ट. पिवळ्या नदीचा पूर हे चीनचं हजारो वर्षांचं दुखणं. सोव्हिएत तज्ज्ञांनी सानमेनशिया इथे प्रचंड धरणाचा आराखडा केला. १९५७ च्या जूनमध्ये त्यावर तज्ज्ञांची चर्चा झाली. त्सिंगहुआ विद्यापीठातले हायड्रॉलिक्सचे प्राध्यापक हुआंग वानली यांचं म्हणणं असं, की ही नदी वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ वाहते. तो गाळ धरणात साचेल, वरच्या अंगाला वेई नदीचं पात्र उंचावेल आणि पूर खालचा वर जाईल. धरणच नको असं ठामपणे म्हणणारे ते जवळपास एकटे होते. कुणी ऐकेना तेव्हा त्यांनी शेवटची मागणी केली, की निदान तळाची दारं तरी काँक्रीटने बुजवू नका, पुढे गाळ सोडायला लागतील.

ती दारं बुजवली गेली. हुआंग यांना त्याच वर्षी 'उजवा' ठरवण्यात आलं. त्या मोहिमेत असा शिक्का बसलेले लोक सुमारे साडेपाच लाख होते. त्याआधी वर्षभर पक्षानेच 'मोकळेपणाने टीका करा' असं आवाहन केलं होतं, हे विशेष.

सप्टेंबर १९६० मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली. दीड वर्षात जलाशयात इतका गाळ बसला, की पाणी साठवणं थांबवावं लागलं. तोंगग्वान इथे नदीचा तळ चारेक मीटरने वर आला आणि शिआन शहराच्या सपाटीला पुराचा धोका उभा राहिला. मग दुरुस्ती! डोंगरातून दोन नवे बोगदे खोदले, टर्बाइनकडे जाणारे चार पाइप गाळ सोडायला वापरले आणि बुजवलेली दारं फोडून पुन्हा उघडली. ११६० मेगावॅटचं वीजकेंद्र अखेर २५० मेगावॅटवर आलं. या जलाशयासाठी लाखो शेतकरी विस्थापित झाले होते. हुआंग यांच्यावरचा शिक्का मात्र १९८० पर्यंत निघाला नाही.

हुआंग यांच्या गणितात काही गूढ नव्हतं. इनफ्लो, आउटफ्लो आणि मधला फरक. सेन्सर अगदी बरोबर रीडिंग देत होता, सिस्टीमने सेन्सरच काढून फेकला.

आकड्यांचं पीक

'उजव्यां'वरच्या मोहिमेनंतर बोलणारे गप्प झाले आणि १९५८ मध्ये 'ग्रेट लीप फॉरवर्ड' आली. शेतकऱ्यांची जमीन, जनावरं, भांडीकुंडीसुद्धा कम्यूनमध्ये जमा झाली. १९५७ चं पोलादाचं उत्पादन ५३.५ लाख टन होतं, ते एका वर्षात दुप्पट करून १ कोटी ७ लाख टन करायचं ठरलं. गावोगावी परसात भट्ट्या पेटल्या, लोकांनी घरातल्या कढया आणि विळे वितळवले. आकडा गाठल्याचं जाहीर झालं, पण वापरण्याजोगं पोलाद निघालं ते सुमारे ८० लाख टन. बाकीचं काय झालं असेल हे मटेरियल सायन्स शिकलेल्यांना सांगायला नको.

त्याहून भयंकर होते धान्याचे आकडे. एका कम्यूनने एकरी दहा पोती सांगितली, की शेजारचा वीस सांगायचा, कारण कमी सांगणारा 'उजवा' ठरायचा. १९५८ चं धान्य आधी ३७.५ कोटी टन जाहीर झालं, प्रत्यक्षात ते २० कोटी टनांच्या आसपास होतं. सरकार आपला वाटा मात्र जाहीर आकड्यावरच उचलत होतं! पुढच्या वर्षी उत्पादन १७ कोटींवर आणि १९६० मध्ये १४ कोटींच्या आसपास घसरलं. गावं उपाशी असताना १९५९ मध्ये चीनने ४० लाख टनांहून अधिक धान्य निर्यात केलं. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात किती माणसं मेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. खालचा आकडा धरला तरी मन सुन्न होतं.

ग्राफ सरळ येत नाही म्हणून जर्नलमध्ये रीडिंग बदलणारे वीर प्रत्येक बॅचमध्ये असतात. तिथे फार तर व्हायवात एक मार्क जातो. इथे तेच काम देशपातळीवर झालं.

या काळातली एक नोंद आपण सर्वांनी लक्षात ठेवावी अशी आहे. चियान श्युएसेन हे जगातल्या मोठ्या रॉकेट शास्त्रज्ञांपैकी एक. १९५५ मध्ये ते अमेरिकेतून मायदेशी परतले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचं 'इंजिनिअरिंग सायबरनेटिक्स' हे नियंत्रणशास्त्रावरचं गाजलेलं पुस्तक प्रसिद्ध झालं होतं. फीडबॅक म्हणजे काय हे त्यांच्याहून जास्त कुणाला कळणार? पण जून १९५८ मध्ये त्यांनी तरुणांच्या एका वर्तमानपत्रात लेख लिहून शेतावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा हिशोब मांडला आणि पीक कितीतरी पटींनी वाढू शकतं असं सांगितलं. थिअरीत चूक काढता येणार नाही कदाचित, पण शेतात जाऊन मोजलं कुणी? बाबा वाक्यं प्रमाणम्, ते असं.

मोजून सांगणारा एक माणूस निघाला. संरक्षणमंत्री मार्शल पेंग देहुआई गावी जाऊन आले, उपाशी माणसं पाहिली आणि जुलै १९५९ मध्ये लुशान इथल्या बैठकीच्या वेळी त्यांनी माओला खाजगी पत्र लिहिलं. भाषा मवाळ होती. माओने ते पत्र छापून सर्वांना वाटलं आणि पेंग यांना पक्षविरोधी ठरवून पदावरून काढलं. झुन्यीच्या बैठकीत जे चाललं ते लुशानला चाललं नाही. फरक एवढाच, की मधल्या काळात पक्षाला सत्ता मिळाली होती. पेंग यांच्यानंतर खरा आकडा सांगायची हिंमत कुणाची होणार? दुष्काळ आणखी दोन वर्षं चालला.

अमर्त्य सेन यांनी यावरून केलेली तुलना प्रसिद्ध आहे. स्वतंत्र भारतात निवडणुका आणि वर्तमानपत्रं असल्याने एवढा मोठा दुष्काळबळी घडू शकला नाही, असं ते म्हणतात. पण तेच सेन हेही सांगतात, की आरोग्य आणि शिक्षणात चीनने भारताला मागे टाकलं आणि आपल्याकडचे रोजचे, मूक मृत्यू बातमीत येत नाहीत. म्हणजे आपला थर्मोस्टॅटही सगळीकडची उष्णता मोजत नाही.

परीक्षाच बंद!

१९६२ मध्ये अध्यक्ष लिऊ शाओची यांनी भर सभेत मान्य केलं, की संकटात निसर्गापेक्षा माणसांच्या चुकांचा वाटा मोठा आहे. कम्यून थोड्या सैल झाल्या, लोक सावरले. पण माओने हे विसरलं नाही. मे १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. विद्यार्थ्यांचे 'रेड गार्ड' शिक्षकांना डोक्यावर कागदी टोप्या घालून मारू लागले. लिऊ शाओची १९६९ मध्ये कैदेत, उपचाराविना मेले. पेंग १९७४ मध्ये तसेच गेले.

कॉलेजच्या प्रवेश परीक्षा १९६६ पासून बंद झाल्या. सुमारे दीड कोटीहून अधिक शहरी तरुणांना खेड्यात पाठवलं गेलं. आपल्याला परीक्षा पुढे ढकलली की आनंद होतो. तिथे ती अकरा वर्षं पुढे गेली! डिसेंबर १९७७ मध्ये पुन्हा परीक्षा झाली तेव्हा ५७ लाख मुलं बसली, त्यात तिशीला आलेले, पोराबाळांचे बापही होते. जागा मिळाली २ लाख ७३ हजारांना.

अठरा अंगठे

माओ ९ सप्टेंबर १९७६ रोजी गेला. महिन्याभरात त्याची पत्नी आणि तिचे तीन साथीदार अटकेत होते. १९७८ च्या अखेरीस सूत्रं डेंग शियाओपिंगकडे आली.

पण खरा बदल बीजिंगच्या आधी एका खेड्यात झाला. अनहुई प्रांतातलं शियाओगांग हे भुकेने पोखरलेलं गाव. १९७८ च्या हिवाळ्यात तिथल्या अठरा शेतकऱ्यांनी एका झोपडीत गुपचूप कागद केला, की जमीन घराघरात वाटून कसायची, सरकारचा वाटा द्यायचा, उरेल ते आपलं. हे उघडकीला येऊन कुणी तुरुंगात गेलाच, तर त्याची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत इतरांनी सांभाळायची. खाली अंगठे उठवले. पुढच्या वर्षी पीक भरघोस आलं. प्रांताचे पक्षप्रमुख वान ली यांनी शिक्षा करण्याऐवजी पाठिंबा दिला आणि ही पद्धत देशभर पसरली. १९७८ चं ३०.५ कोटी टन धान्य १९८४ मध्ये ४०.७ कोटी टनांवर गेलं.

हा फीडबॅकचा विजयच. पण तो वर पोचायला वीस वर्षं, एक दुष्काळ आणि एका माणसाचा मृत्यू लागला.

डेंगच्या काळात शेन्झेनसारखी आर्थिक क्षेत्रं निघाली. १९८१ मध्ये पक्षाने ठराव करून सांस्कृतिक क्रांती चूक होती असं मान्य केलं, मात्र माओचं श्रेय मोठं आणि चुका दुय्यम असंही ठरवलं. १९८२ च्या राज्यघटनेत अध्यक्षाला दोनच मुदतींची मर्यादा घातली. म्हणजे निदान एक फ्यूज तरी बसवला. पुढच्या चाळीस वर्षांत, जागतिक बँकेच्या हिशोबाने, सुमारे ८० कोटी माणसं अतिगरिबीतून बाहेर आली. इतिहासात असं दुसरं उदाहरण नाही, आणि ते नाकारणं हाही एक खोटा आकडाच ठरेल.

पण याच डेंगच्या काळात, ४ जून १९८९ च्या पहाटे, तियानानमेन चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर सैन्याने विद्यार्थ्यांवर आणि नागरिकांवर गोळ्या झाडल्या. विद्यार्थ्यांशी बोला म्हणणारे सरचिटणीस झाओ झियांग २००५ मध्ये मरेपर्यंत नजरकैदेत राहिले. बाजारातला भाव वर सांगायची मुभा मिळाली, माणसाच्या मनातलं सांगायची नाही.

नऊ इंजिनिअर

आता आपल्याला गुदगुल्या होतील अशी माहिती. २००२ मध्ये पक्षाची सर्वोच्च समिती निवडली गेली, तेव्हा तिचे नऊच्या नऊ सदस्य इंजिनिअरिंग किंवा तत्सम शिक्षण घेतलेले होते. सरचिटणीस हू जिंताओ जलविद्युतवाले, वेन जियाबाओ भूगर्भशास्त्रवाले, बाकी कुणी इलेक्ट्रिकल, कुणी ऑटोमॅटिक कंट्रोल. इंजिनिअरच्या हाती देश दिला की सगळं सुरळीत होईल असं आपल्यातल्या अनेकांना वाटतं. चीनने तो प्रयोग करून दाखवला. रस्ते, धरणं, २००८ पासून हायस्पीड रेल्वे... कौतुक करावं तेवढं थोडं.

पण १९८० ची 'एकच मूल' योजना आठवा. तिच्यामागच्या हिशोबात मोठा वाटा होता सोंग जियान या क्षेपणास्त्र शास्त्रज्ञाचा. कंट्रोल थिअरीतली गणितं त्यांनी लोकसंख्येला लावली. समीकरणात जन्मदर हा एक इनपुट होता. प्रत्यक्षात त्याचा अर्थ सक्तीचे गर्भपात आणि नकोशा ठरलेल्या मुली असा झाला. योजना २०१५ पर्यंत ओढली गेली आणि २०२२ पासून चीनची लोकसंख्या घटू लागली. क्षेपणास्त्र भरकटलं तर रडारवर दिसतं. आई रडते ते कुठल्या स्क्रीनवर दिसणार?

साथीचंही तसंच. २००३ मध्ये सार्सचे आकडे दडवले गेले. जियांग यानयोंग या लष्करी डॉक्टरने ते उघड केलं, तेव्हा आरोग्यमंत्री आणि बीजिंगचे महापौर यांना जावं लागलं. त्यानंतर रुग्णालयांनी थेट केंद्राला कळवायची संगणकीकृत यंत्रणा बसवली. पण डिसेंबर २०१९ मध्ये वुहानच्या डॉ. ली वेनलियांग यांनी आपल्या वर्गमित्रांना नव्या आजाराची सूचना दिली, तर पोलिसांनी त्यांना बोलावून अफवा पसरवल्याची समज दिली. ७ फेब्रुवारी २०२० रोजी ते त्याच आजाराने गेले. समज नंतर रद्द झाली. नेटवर्क उत्तम होतं, कमतरता होती ती निर्भयपणे बटण दाबू शकणाऱ्या माणसाची.

दोन मतदानं शेजारी ठेवून पाहा. १९९२ मध्ये थ्री गॉर्जेस धरणावर तिथल्या लोकप्रतिनिधी सभेत १७६७ मतं बाजूने पडली, १७७ विरोधात आणि ६६४ जण तटस्थ राहिले. एरवी 'होयबा' असणाऱ्या सभेसाठी हा भूकंप होता. मार्च २०१८ मध्ये अध्यक्षाची दोन मुदतींची मर्यादा काढायच्या ठरावावर मतं पडली बाजूने २९५८, विरोधात २, तटस्थ ३. तो एक फ्यूजही निघाला. २०२२ मध्ये शी जिनपिंग तिसऱ्यांदा सरचिटणीस झाले, २०२३ मध्ये तिसऱ्यांदा अध्यक्ष. आज पक्षाचे सदस्य दहा कोटींहून अधिक आहेत आणि सोव्हिएत पक्षाच्या ७४ वर्षांच्या सत्तेचा विक्रम त्याने मागे टाकला आहे.

तर मग निष्कर्ष काय?

काही जण म्हणतील, एवढ्या चुका करूनही पक्ष टिकला, मग सिस्टीम चांगलीच म्हणायची! टिकला हे खरं. दिशा बदलण्याची त्याची ताकद प्रचंड आहे हेही खरं. पण एक गोष्ट तपासा. हुआंग, पेंग, ली वेनलियांग, या सगळ्यांचं रीडिंग वेळेवर आलं होतं आणि बरोबर होतं. माहितीची कमतरता नव्हतीच. रीडिंग आणणाऱ्याला शिक्षा होते म्हटल्यावर पुढचा माणूस साहेबांना आवडेल तोच आकडा नेतो, आणि मग वरच्या माणसाला, तो कितीही हुशार असो, खोट्या आकड्यांवरच निर्णय घ्यावा लागतो.

यासाठी देशात एकच पक्ष असावा लागतो असंही नाही. कारखान्यात, सरकारी खात्यात, कॉलेजात, कुठेही ही सिस्टीम लहान प्रमाणात उभी राहू शकते. उद्या आपल्यापैकी कुणी धरणावर असेल, कुणी बॉयलरवर, कुणी पुलाच्या टेस्ट रिपोर्टवर सही करत असेल. तेव्हा तो गेज म्हणजे आपणच असू. आणि आपल्यातले काही जण वरच्या खुर्चीत बसतील. त्यांनी वाईट रीडिंग घेऊन आलेल्या ज्युनिअरला आधी बसायला खुर्ची द्यावी, मग कॅल्क्युलेशन विचारावं.